बूबीकोप्फ मळवताना: ओपन रेल्ससाठी जर्मन ६४ वर्गाचं इंजिन

ब्लेंडर या त्रिमिती मॉडेल घडवायच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः इंजिन घडवून ओपन रेल्स या रेल्वे-सिम्युलेटरमध्ये चालवू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवतोय. इंजिन म्हणजे जर्मन ६४ वर्गाचं टाकीचं इंजिन, टोपणनाव बूबीकोप्फ. १९२८ ते १९४० या काळात अशी ५२० इंजिनं बांधली गेली. आपल्याकडच्या पद्धतीने चाकरचना २-६-२. वेगळं टेंडर नाही, पाणी आणि कोळसा अंगावरच: ९ घनमीटर पाणी, ३ टन कोळसा. पुढे-मागे दोन्ही दिशांना ताशी ९० किलोमीटर, त्यामुळे शाखामार्गाच्या शेवटच्या स्टेशनात इंजिन उलट वळवायचं फिरतं टेबल नसलं तरी अडत नसे. पश्चिम जर्मनीतली शेवटची ६४ बव्हेरियातल्या वाइडेन शेडमधून १९७४ मध्ये सेवेबाहेर गेली. मला हवंय ते त्याआधीच्या दोन-तीन वर्षांतलं इंजिन. रोज कामावर जाणारं, पण ज्याला पुसायला कुणी उरलेलं नाही असं.

६ ऑक्टोबर २०२४

न्यूर्नबर्गहून एबरमानश्टाटला गेलो. इथल्या हौशी मंडळींची संस्था बेहरिंगर्सम्यूलेपर्यंतच्या सोळा किलोमीटरच्या जुन्या शाखामार्गावर संग्रहालय-गाडी चालवते आणि ६४ ४९१ त्यांच्याकडे आहे. विचारल्यावर आनंदाने फोटो काढू दिले.

फोटो काढताना जवळ उभं राहू नका. फोन घेऊन दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत टाकीचा मधला भाग फुगतो आणि टोकं आत जातात. त्यावरून मेश (मॉडेलचं त्रिमिती जाळं) ओढला तर सगळंच वाकडं होतं. शक्य तितकं मागे सरका, झूम वापरा. शिवाय प्रत्येक फोटोत एक तरी माहीत माप यायला हवं. या इंजिनाची दोन मापं पाठच करावीत: मोठी चाकं १५०० मिलिमीटर, पुढची-मागची लहान चाकं ८५०.

जतन केलेल्या इंजिनावरून आकार मिळतो, मळ मिळत नाही. इथलं इंजिन प्रेमाने पुसलेलं असतं. त्याचा परिणाम जानेवारीच्या नोंदीत दिसेल.

१९ ऑक्टोबर

जुन्या बाजारातून घेतलेला आराखडा स्कॅन केला, १८ युरो. ब्लेंडरमध्ये मागे लावून बॉयलर, टाक्या, केबिन उभी केली. बफर ते बफर लांबी १२,४०० जुळत होती, तरी केबिन ठेंगणी वाटत होती. बऱ्याच उशिरा चाकाचं वर्तुळ मोजून पाहिलं, तर आडवा व्यास १५००, उभा १४७८. कागद स्कॅनरमधून जाताना एका दिशेने ताणला गेला होता.

म्हणून आराखडा लावला की सगळ्यात आधी चाकं आडवी आणि उभी मोजा. चाक गोल असणारच, त्यामुळे आराखड्यात खोट असेल तर तिथेच कळते. मला केबिन, घुमट आणि धुराडं पुन्हा करावं लागलं.

९ नोव्हेंबर

टाक्या रिव्हेटच्या की वेल्डिंगच्या, हे ठरवण्यात वेळ गेला. सुरुवातीच्या इंजिनांच्या टाक्या रिव्हेटच्या होत्या, नंतरच्यांच्या वेल्ड केलेल्या, गुळगुळीत. ओपन रेल्समध्ये नॉर्मल मॅप (सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणारं चित्र) चालत नाही, म्हणून रिव्हेट दाखवायचे तर एकतर प्रत्येक रिव्हेट मेशमध्ये घ्यावा लागतो, नाहीतर तपशीलवार मॉडेलवरून त्यांची सावली टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रात, उतरवावी लागते. मी वेल्ड केलेली टाकी निवडली, म्हणजे इंजिनाचा क्रमांकही उशिराच्या बांधणीतलाच घ्यायला हवा. गुळगुळीत टाकीवर सुरुवातीचा क्रमांक लावलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. माहितगाराला ते लगेच खटकतं.

२४ नोव्हेंबर

होयसिंगर व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ कधी शिरेल हे ठरवणारी दांड्यांची जोडणी. आपल्याकडचे रेल्वेप्रेमी हिला वॉलशार्ट म्हणून ओळखतात. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

मुख्य दांडा मधल्या मोठ्या चाकाला ढकलतो. पिस्टनची धाव ६६० मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ३३०. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये ९० अंशांचं अंतर. एवढं सगळं नीट बसलं. गिअर फिरतही होता, पण हळू चालवून पाहिलं तर व्हॉल्व्हची दांडी चुकीच्या वेळी चुकीच्या दिशेला जात होती.

कारण असं. मी ज्या आकृतीवरून जोडणी केली ती सपाट सरकत्या व्हॉल्व्हच्या इंजिनाची होती. त्यात वाफ व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कडांवरून सिलिंडरमध्ये शिरते. ६४ मध्ये पिस्टन व्हॉल्व्ह आहे आणि वाफ आतल्या कडांवरून शिरते. क्रॉसहेडला (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाच्या सरकत्या भागाला) जोडलेल्या उभ्या लिव्हरवर दोन दांड्या येतात: एक व्हॉल्व्हची, एक मागच्या वक्र लिंककडून येणारी. बाहेरून वाफ घेणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हची दांडी वर आणि लिंककडची खाली असते. आतून घेणाऱ्यात लिंककडची वर, व्हॉल्व्हची तिच्या खाली. माझ्याकडे नेमकं उलट झालं होतं. मधल्या चाकावरचा छोटा उलटा क्रँकही त्यामुळे दुसऱ्या बाजूला कलायला हवा.

ही जोडणी कधीही दुसऱ्या इंजिनाच्या आकृतीवरून करू नका. त्याच वर्गाचे, बाजूने काढलेले दोन फोटो घ्या, ज्यांत क्रँक वेगवेगळ्या जागी आहे, आणि मॉडेल त्या दोन्ही जागी थांबवून ताडून पाहा. एकाच फोटोशी जुळलं म्हणजे बरोबर झालं असं नाही.

८ डिसेंबर

गिअर बरोबर झाला, पण सिम्युलेटरमध्ये दांडे चाकाच्या पिनवरून किंचित घसरल्यासारखे दिसत होते. चाकाच्या एका फेऱ्यासाठी आठ कीफ्रेम (हालचालीतल्या ठरवून दिलेल्या जागा) ठेवायच्या ही मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या सिम्युलेटरपासून चालत आलेली पद्धत आहे. चाक दोन कीफ्रेमच्या मध्ये नीट वर्तुळात फिरतं, पण दांड्याचं टोक सरळ रेषेत जातं. ४५ अंशांच्या टप्प्यात ३३० मिलिमीटर त्रिज्येवर हा फरक मधोमध साधारण २५ मिलिमीटर येतो, म्हणजे पिनच्या बाहेर स्पष्ट दिसेल इतका. सोळा कीफ्रेम केल्या की सहा मिलिमीटर, बत्तीस केल्या की दीडच्या आसपास.

चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यासाठी दुसरा उपाय चांगला आहे: दांडा चाकाचाच अपत्य भाग करायचा आणि त्याला उलट्या दिशेने तितकंच फिरवायचं. मग पिन सुटतच नाही. मुख्य दांड्याला आणि गिअरला बत्तीस कीफ्रेम दिल्या.

२२ डिसेंबर

एक्सपोर्ट आणि इंजिन फाइल. दोन गोष्टी लिहून ठेवतो.

चाकाची त्रिज्या फाइलमध्ये दोनदा येते. वॅगन विभागातली लहान चाकांसाठी, इंजिन विभागातली मोठ्या चाकांसाठी. इथे ०.४२५ आणि ०.७५ मीटर. दोन्हीकडे ०.७५ लिहिलं तर लहान चाकं रुळावरून घसरत चालल्यासारखी दिसतात, कारण खरं तर ती मोठ्यांच्या पावणेदोन पटीने फिरायला हवीत.

टाकीचं इंजिन असेल तर टेंडरची गरज नाही असं फाइलमध्ये स्पष्ट सांगावं लागतं, त्या ओळीत शून्य. नाहीतर ओपन रेल्स पाण्या-कोळशासाठी मागे टेंडर शोधत राहतं.

सिलिंडर ५०० गुणिले ६६०, बॉयलरचा दाब १४ बार. बॉयलर जवळपास २४ वर्गाचाच आहे, त्यामुळे त्या वर्गाची छापील आकडेवारी हाताशी असेल तर ताडून पाहायला उपयोगी पडते.

११ जानेवारी २०२५

मळवण्याचा पहिला प्रयत्न. पूर्ण टाकून दिला.

टेक्स्चरच्या प्रोग्रॅममध्ये तयार मास्क मिळतात: कडांवर गंज, खाचांत धूळ, सगळीकडे ओघळ. तासाभरात इंजिन जुनं दिसू लागलं आणि सुरुवातीला ते छानही वाटलं. मग एका फोटोशेजारी ठेवलं. फोटोतलं इंजिन काम करून मळलेलं होतं, माझं वर्षानुवर्षं गवतात पडून राहिल्यासारखं. कडाकडांवर नारिंगी गंज होता. पण रोज चालणाऱ्या इंजिनाच्या कडांवर तेल आणि काजळी बसते. तिथे गंजायला वाव कमी असतो, गंज ठरावीक जागीच धरतो.

१८ जानेवारी

शेवटच्या वर्षांतल्या ६४ च्या रंगीत स्लाइड्सचा एक जुना संच ३५ युरोंना घेतला. या कामात सगळ्यात कारणी लागलेला खर्च हाच. पडद्यावर मोठ्या करून प्रत्येक डागाजवळ लिहीत गेलो की हा कशाचा आणि इथेच का. ज्याचं कारण सापडलं नाही तो डाग मॉडेलवर घेतला नाही.

पांढरे ओघळ. हे क्षारांचे. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली, शिट्टीजवळ, बॉयलर धुण्याच्या बुचांभोवती, जिथे पाणी किंवा ओली वाफ गळून वाळते तिथे. जुन्या बंबाच्या तोटीखाली जसा पांढरा थर धरतो, तेच इथे बॉयलरच्या पोटावरून खाली येतं. वर जाड, खाली पातळ होत जाणारी रेघ, आणि बॉयलरच्या गोलाईप्रमाणे वळलेली. टेक्स्चर सपाट उलगडून सरळ रेघ मारली तर ती बॉयलरवर तिरकी पडते. म्हणून हे ओघळ थेट त्रिमितीत, मॉडेलवरच रंगवले.

टाकीच्या बाजू. पाणी भरताना तोंडाशी आलं की बाहेर सांडतं आणि बाजूने खाली वाहतं. तिथे मळ धुतला जाऊन काळा रंग उघडा पडतो, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना फिकट रेघ राहते. म्हणजे हा मळाचा डाग नाही, मळ निघून गेल्याचा पट्टा आहे. आधी सगळी टाकी मळवून मग हा पट्टा खोडून काढला, तेव्हा तो खरा दिसला.

धूरपेटी. आतल्या उष्णतेने इथला रंग टिकत नाही. तो राखाडी, कोरडा, निस्तेज होतो. दाराच्या खालच्या कडेला गरम राख साठते, पावसात भिजते, आणि खरा गंज तिथे धरतो. संपूर्ण इंजिनावर मी लालसर गंज फक्त तीन ठिकाणी ठेवला: ही कड, कोळशाच्या पेटीचा आतला भाग आणि पायऱ्यांच्या कडा.

चाकं आणि सांगाडा. मूळ रंग लाल, अग्निलाल म्हणतात तो, रंगांच्या जर्मन क्रमांकपद्धतीत राल ३०००. पण ब्रेकचे ठोकळे बिडाचे. त्यांची झिजलेली भुकटी तेलकट चाकांवर बसून सगळं तपकिरी करते. लाल रंग फक्त खोलगट जागी शिल्लक राहतो. वाळू पडणाऱ्या नळ्यांजवळ याच तपकिरीवर फिकट धुरळा.

दांडे. यांच्यावर तेल. रोज हाताळले जात असल्यामुळे ते गडद आणि ओले दिसतात, गंजलेले दिसत नाहीत. ओपन रेल्समध्ये एकाच मटेरियलवर कुठे चकाकी, कुठे कोरडेपणा असं ठेवता येत नाही. म्हणून दांडे आणि क्रॉसहेड वेगळ्या मटेरियलमध्ये टाकून त्यालाच चकाकीचा पर्याय दिला.

माणसांचे हात. केबिनच्या खिडकीखाली चालकाचा कोपर टेकतो तिथे पुसलेली जागा. हाताने धरायच्या दांड्या आणि पायऱ्यांच्या मधला भाग घासून उघडा पडलेला. क्रमांकाची पाटी बाकी इंजिनापेक्षा स्वच्छ, कारण तो वाचता यायलाच हवा. आजूबाजूला काजळी आणि पाटीवरून फडकं फिरवल्याची गोल खूण. स्लाइडमध्ये ही खूण सापडली तेव्हा फार आनंद झाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे इंजिन दोन्ही दिशांना धावतं. टेंडरच्या इंजिनाची काजळी मुख्यतः मागे जाते. बूबीकोप्फ परतीला उलटं चालतं, म्हणून काजळी धूरपेटीच्या दारावरही येते, आणि कोळशाच्या पेटीवरची भुकटी उडून केबिनच्या मागच्या खिडक्यांवर बसते. मी आधी काजळी फक्त केबिनच्या छपराकडे ओढली होती. पुढच्या बाजूलाही टाकली, मागच्या भिंतीला काळसर भुकटीचा थर दिला, तेव्हा कुठे हे इंजिन शाखामार्गावर राबणारं वाटू लागलं.

२ फेब्रुवारी

सावल्या बेक केल्या, म्हणजे प्रोग्रॅमकडून काढून टेक्स्चरमध्ये कायमच्या उतरवल्या. उभं असताना इंजिन सुंदर, चालू झालं की बिघडलं. सांगाड्याची सावली चाकांच्या वरच्या भागावर बेक झाली होती आणि चाकासोबत गरगर फिरत होती. दांड्याची सावलीही तशीच.

फिरणारे भाग बेक करताना बाकीचं सगळं लपवा. चाक एकटं बेक करा. मळसुद्धा वर्तुळाकारच हवा: मध्याकडून कडेकडे गडद होत जाणारा, पण खाली जास्त-वर कमी असा नको. फिरत्या चाकाला वर-खाली नसतंच.

बेकला माझ्या लॅपटॉपवर पूर्ण रात्र लागत होती. आधी लहान आकारात बेक करून सिम्युलेटरमध्ये चालवून पाहिलं असतं तर ही रात्र वाचली असती. आता तसंच करतोय.

१५ फेब्रुवारी

काळा रंग. कागदोपत्री हे राल ९००५, गडद काळं. तोच काळा टेक्स्चरमध्ये भरला की बॉयलर, टाकी, धूरपेटी सगळं एकजीव होऊन आकारच दिसत नाही, आणि ढगाळ हवामानात तर इंजिनाच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. टेक्स्चरमधला काळा २५५ पैकी ३५ ते ४५ च्या दरम्यान ठेवला. धूरपेटी किंचित उबदार राखाडी, टाकी किंचित निळसर, केबिनचं छप्पर सगळ्यांत फिकट. या फरकामुळे सावलीतही भाग वेगळे कळतात.

मळाची पातळी सिम्युलेटरमधल्या दुपारच्या उन्हात ठरवू नका. तिथे सगळंच फिकट दिसतं, मग आपण जास्त मळवतो आणि संध्याकाळी इंजिन अंधारात हरवतं. मी ढगाळ सकाळ निवडली.

१ मार्च

क्रमांक. १ जानेवारी १९६८ पासून बुंडेसबानने (पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने) संगणकी क्रमांक लावले: ६४ ४९१ चं ०६४ ४९१-४ झालं. शेवटचा अंक तपासणीचा आहे आणि तो मनाने लिहिता येत नाही.

सहा अंक घ्या, डावीकडून आळीपाळीने १ आणि २ ने गुणा. गुणाकार दोन अंकी आला तर त्यातले अंक मिळवा. सगळ्यांची बेरीज करा. पुढच्या दशकापर्यंत जेवढे कमी पडतात तो तपासणी अंक. ०६४४९१ साठी ०, ३ (१२ चे १+२), ४, ८, ९, २. बेरीज २६, तीसला चार कमी, म्हणून ४. तसंच ०६४ ४१९ चा अंक ५ येतो.

क्रमांकाची पाटी वेगळ्या छोट्या टेक्स्चरवर ठेवली आहे, म्हणजे कुणालाही आपल्या आवडीचं इंजिन करता येईल. फक्त हिशोब करूनच करा. पाटीवरचा मळ वेगळ्या थरात आहे, तो खालच्या थरात मिसळून टाकू नका.

१६ मार्च

पुण्यातल्या मित्राने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. माझ्याकडे सुरळीत, त्याच्याकडे स्टेशनात शिरताना गाडी अडखळत होती. पॉलिगॉन (मेशचे तुकडे) फार नव्हते, मटेरियल फार होती: प्रत्येक मटेरियल म्हणजे चित्र काढण्याचा वेगळा हुकूम. एकत्र करून चारवर आणली: अंग, सांगाडा-चाकं, चकाकीचे दांडे, काचा. अडखळणं बंद झालं.

दूरच्या अंतरासाठी साधी आवृत्ती करताना व्हॉल्व्ह गिअर पूर्ण काढला होता. मित्राने सांगितलं की दुरून येणारं इंजिन घसरत आल्यासारखं दिसतं. बरोबर होतं. जोडदांडा आणि मुख्य दांडा ठेवला, लिंक आणि लिव्हर काढले. दुरून डोळा त्या दोन दांड्यांचीच हालचाल टिपतो.

३० मार्च

आवाज. एका फेऱ्याला चार हुंकार, चाकाचा परीघ ४.७१ मीटर. ताशी २० किलोमीटरला सेकंदाला साधारण पावणेपाच हुंकार, ९० ला एकवीस. कमी वेगात प्रत्येक हुंकार सुटा ऐकू यायला हवा, म्हणून चाकाशी बांधलेला एकेरी आवाज. ताशी ५० च्या पुढे तेच करायला गेलं तर मशीनगनसारखी कटकट होते, तिथे सलग ध्वनिफीत हळूहळू वर आणली. दोघांच्या मधला सांधा ४० ते ५५ दरम्यान पसरवला. एका वेगाला अचानक बदललं की कानाला लगेच कळतं.

१२ एप्रिल

पहिली आवृत्ती दिली. सोबत टेक्स्चरची थर न दाबलेली मूळ फाइलही आहे: क्षार, काजळी, ब्रेकची भुकटी, तेल, धुतलेले पट्टे आणि हातांच्या खुणा वेगवेगळ्या थरांत. नुकतंच शेडमधून दुरुस्त होऊन आलेलं इंजिन हवं असेल तर क्षार आणि भुकटी कमी करा, तेल तसंच ठेवा.

राहिलेलं काम: केबिनच्या आतला भाग अजून बाहेरच्या इतका जुना नाही, भट्टीच्या दारापुढची जमीन कोळशाच्या चुऱ्याने घासलेली दिसायला हवी. पाणी कमी होत गेलं की इंजिन हलकं होऊन चढावर जास्त घसरायला हवं, ते मी अजून नीट तपासलेलं नाही. रिव्हेटच्या टाकीची आवृत्ती पुढच्या हिवाळ्यात. त्यासाठी सुरुवातीच्या इंजिनांचे १९७० च्या आधीचे, बाजूने काढलेले रंगीत फोटो कुणाकडे असतील तर हवेत. टाकीच्या वरच्या कडेची रिव्हेटची रांग स्पष्ट दिसणारे असतील तर उत्तम.